मंगळवार

फॉर्मवर तिसऱ्या ओळीत जन्मतारीख.
मुलगा म्हणतो, मंगळवार.

एवढंच. क्वाब्ला म्हणजे मंगळवारचा,
नाव हाच दाखला.
वर्ष आईला ठाऊक असेल, आई केटाला,
समुद्राकाठी, जिथे आधी मासे संपले
आणि मग मुलं निघाली.
मी पेन्सिलीने लिहून ठेवते : मंगळवार.

मी दुभाषी. इंग्रजीतलं एवेत, एवेतलं इंग्रजीत.
पालेर्मो नावाच्या कुठल्याशा बंदरात
सह्या झालेला कागद माझ्यापुढे,
कोपऱ्यावर चहाचा डाग, तो माझाच.
मूल म्हणजे अठरा वर्षांखालची कोणीही व्यक्ती.

व्होल्टाच्या जलाशयात झाडं अजून उभीच आहेत,
धरण भरलं तेव्हा कुणी तोडली नाहीत.
जाळं अडकलं की कोणीतरी खाली जायचं.
लहान अंग बरं, फांद्यांतून सरकतं.
क्वाब्लाचा उजवा कान फुटलाय,
म्हणून मी डावीकडे बसते.
गुरुवारचा याओ खाली गेला तो गेलाच.
त्याचा फॉर्म नाही.

होडीवाला दोत्से हात जोडत नाही, ओरडतही नाही.
"चोरला का मी? आईला पैसे दिले.
ह्याला विचारलं. हा हो म्हणाला."
मुलगा मान डोलावतो. म्हणालो होतो.

मग मला कलम वाचावं लागतं :
मुलाची संमती ही संमती नव्हे.
एवेत ते नीट बसत नाही. मी म्हणते,
"तुझा हो तुझ्यावर उलटणार नाही, बाळा."

बराच वेळ तो टेबलाची कड नखाने खरवडतो.
"पाण्यात मी नको म्हणायचो, ते कुणी धरलं नाही.
हो म्हणालो, ते तुम्ही धरत नाही.
मग माझं धरता काय?"

काय म्हणाला, अम्पोफोसाहेब विचारतात.
ते अकानवाले, त्यांना एवे येत नाही.
मी शब्दन् शब्द सांगते, एकही मऊ न करता.
ते पेनाचं टोपण लावतात, काढतात,
रकाने वरपासून खालपर्यंत बघतात.

शेवटी म्हणतात, वयाचं बघू,
उद्या मनगटाचा एक्स-रे काढू,
हाडं सांगतात सगळं.

मी तेही सांगते.
क्वाब्ला मनगटाकडे बघतो,
घरच्याच कुणी चुगली केल्यासारखा,
आणि हात पाठीमागे घेतो.