रोडियमचा हिशेब

येकातेरिनबुर्ग. बाहेर उणे एकतीस.
हिशेबनीस तीखोनोव, ओव्हरकोट न काढताच:
सोन्याहून महाग ते रोडियम, गेलं कुठे?

झेम्फिरा नुर्गालियेव्ना दाखवते
नखाएवढी चकती.
निम्मं लोखंड, निम्मं ते.
चुंबक जवळ नेते. चकती ढिम्म.
"आत अबोला आहे," ती म्हणते,
"लोखंडाचा अणू न् अणू
शेजाऱ्याच्या उलट तोंड करून.
बेरीज शून्य."
शून्य त्याला कळतं.

मग चकती टाकते ती पेल्यात,
चहासाठी नुकतंच उतरवलेलं आधण,
आणि काचेला बाहेरून चुंबक टेकवते.

टक्.

तीखोनोव टोपी काढतो.
तापलं की लोखंडाचं चुंबकपण जातं,
एवढंच शाळेत शिकलेला तो.

पारा उतरत जातो.
अठ्ठ्याऐंशीला जुळणारी चकती
अठ्ठ्याऐंशीला सुटत नाही.
"परतीची वाट वेगळी," झेम्फिरा म्हणते,
वहीतून मान वर न करता,
"किती वेगळी, ते मोजतेय. एकोणीस वर्षं."

त्र्याऐंशी. ऐंशी.
कोणीच बोलत नाही.
सत्याहत्तरला काचेवरून काहीतरी
अलगद घसरतं.

तो रकान्यात लिहितो: रोडियम जागेवर.
खोडतो.
रोडियम, पेल्यात.