तीळवाला

म्वांझात, इगोगोच्या उतारावर,
पत्र्याची एक खोली होती.
आत चौदा बाकडी, एक टीव्ही,
आणि बाहेर जनरेटर. तो खोकला
की नायक हवेतच अडकायचा,
लाथ उगारलेली, पाय खाली येईना.
त्याच्यासाठी आम्ही श्वास धरून बसायचो.

खरा नायक केव्हाच वारला होता, हे ठाऊक होतं.
हा त्याच्यासारखा दिसणारा.
म्हणजे डावीकडून. अंधारात. काळा चष्मा लावल्यावर.
नावही तेच, एखादं अक्षर इकडचं तिकडे,
बाजारातल्या बुटांवर असतं तसं.
आमच्या पायांत तेच बूट.
कुठल्या तोंडाने हसणार?

तरी हसायचो.
चारशे वर्षांपूर्वीचा सरदार घोड्यावरून उतरायचा
आणि मनगटावर घड्याळ चमकायचं.
डोटो म्हणायचा, "चाराला पाच कमी. उशीर झालाय गड्याला."
ठोशाचा आवाज आधी, ठोसा मागून,
उधारी फेडायला निघाल्यासारखा, रमतगमत.
मठ पुठ्ठ्याचा. गुरूची दाढी
वारा नेईल तिकडे जायची नाही,
गोंद सोडेल तिकडे जायची.

मबुला टीव्हीशेजारी उभा राहून
सगळ्यांचं बोलणं आमच्या भाषेत सांगायचा.
चिनीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.
खलनायक लांबच लांब ओठ हलवायचा,
मबुला म्हणायचा, "माझी जाळी कोणी नेली?"
आणि सूडाची सगळी गोष्ट
मासळीच्या भावावर येऊन थांबायची.

एका सिनेमात एक माणूस होता.
हनुवटीवर तीळ.
पहिल्या मारामारीत छपरावरून पडून मेला.
दहा मिनिटांनी मिशी लावून आला, भाल्याने मेला.
मग टक्कल करून. मग भिक्षू होऊन.
एकदा तर, शपथेवर सांगतो,
स्वतःचंच प्रेत ओलांडून लढायला आला.
आम्ही ओरडून मोजायचो,
मोजा, म्बिली, टाटू...

ती कॅसेट लागली की न्यामिझी यायची.
बाहेर कसावा तळणारी. हातात झारा तसाच.
तिच्या न्क्वाबीची होडी
दोन वर्षांपूर्वी सरोवरातून एकटीच परत आली होती.
ती बसायची नाही. नायकाकडे बघायचीही नाही.
तीळवाला पडला की दाराच्या चौकटीला धरून
नुसती वाट बघायची.
तो यायचा. हिरव्या अंगरख्यात, नवीन भुवया घेऊन.
"आला," म्हणायची,
आणि तेल जळायच्या आत परत फिरायची.

हे मबुलाने कधी हेरलं कोण जाणे.
त्यानंतर तीळवाला मरताना बोलू लागला.
तोंडातून शेंदरी रंगाचं रक्त, डोळे मिटत आलेले,
आणि आवाज मबुलाचा,
घरातून चार पावलांवर निघालेल्या माणसासारखा:
"आलोच."

पुढे मी दार-एस-सलामला गेलो.
तिथे गारेगार थिएटर, मऊ खुर्च्या,
ठोसा आणि आवाज एकत्र, जुळ्यांसारखे.
कोणाच्या मनगटावर घड्याळ नाही.
आणि जो मरतो, तो मरतोच.
एवढा पैसा आहे त्या लोकांकडे.
मी पडद्यावर तीळ शोधत राहायचो.

एक सांगायचं राहिलं.
तीळवाला सहाव्यांदाही मरायचा म्हणे,
अगदी शेवटच्या मारामारीत,
जिथून परत यायला सिनेमाच उरत नाही.
आम्ही ते कधी पाहिलं नाही.
मबुलाने पाहिलं असणार, एकट्याने, दुपारचं.
पाचव्यांदा "आला" ऐकू आलं
की थोड्या वेळाने तो बाहेर जायचा,
जनरेटर गप्प व्हायचा,
अंधारातून मबुला सांगायचा, "पेट्रोल संपलं."

डबा दाराशीच असायचा. भरलेला.
आम्ही सगळे त्याला वळसा घालून घरी जायचो.
फक्त डोटोने एकदा पैसे परत मागितले.
त्याच्या पाठीत एक बसला, कोणाचा ते दिसलं नाही.
आवाज मात्र
अगदी वेळेवर आला.