घेटुळीवरचा पिसारी

चेंबूरला, कॉलेजच्या गच्चीवर, टाकीखाली
तो भिंतीला चिकटून होता:
वाळक्या गवताची एक काडी
आणि तिच्यावर आडवी टाकलेली दुसरी.
माहुलची ज्योत रात्रभर जळते,
तिच्याकडे न जाता
हा आमच्या चाळीस रुपयांच्या बल्बकडे आला.

पहिलं लक्षण हेच, की तो पतंग वाटत नाही.
पंख मिटतो म्हणजे घट्ट गुंडाळून ठेवतो,
दुकान बंद करताना ताडपत्री गुंडाळावी तसे.
उघडले की एका बाजूला पाच पिसं:
पुढच्या पंखाला एक चीर, मागच्याला दोन,
त्यातली दुसरी जवळजवळ मुळापर्यंत.
इतकं फाटलेलं असून उडतो कसा,
हे मला एकवीस वर्षांत नीट सांगता आलेलं नाही.

इथवर कुल. कुल लांबून कळतं.
प्रजातीसाठी भिंग लागतं.
मागच्या तिसऱ्या पिसाच्या झालरीत
काळे खवले आहेत का, टोकाशी की मधे,
शीर कुठे फुटते, कुठे नुसती विरून जाते.

जात मात्र पोटात असते.
पोट वेगळं करायचं, कॉस्टिकमध्ये शिजवायचं,
चरबी गेली की मागे राहतात
नराच्या दोन झडपा,
कधी जुळ्या, कधी डावी वेगळ्याच वळणाची.
त्या काचपट्टीवर पसरायच्या, आणि मग नाव.

भागूजी धोत्रे स्पिरिटचा दिवा लावत म्हणाले,
"मॅडम, जात कळायला तुम्ही पोट कापता.
आमच्याकडे आडनावावर भागायचं."
मी हसले नाही.
तेही हसले नाहीत.
काडी दुसऱ्यांदा ओढावी लागली.

चौतिसाव्या ट्रेमध्ये याचा एक नातलग आहे.
चिठ्ठीवर फिकी शाई: कुर्ला, दिव्यावर, नोव्हेंबर १९३७.
दहाही पिसं शाबूत. पोट नाही.
कुणीतरी तपासायला नेलं, परत आणलं नाही.
तेव्हापासून तो प्रश्नचिन्हाखाली
टाचणीवर उभा आहे.

आमचा मात्र रात्रीत उलगडला, म्हणजे उलगडली.
सकाळी नळीच्या काचेवर आत अंडी,
फिकट हिरवी, खसखशीहून लहान.
मादी. आणि माझ्याकडची ओळखीची किल्ली
सगळी नरांसाठी लिहिलेली.

भागूजी म्हणाले, "यांना घेटुळी लागेल.
टाकीच्या भेगेत आहे, मी उपटू दिली नाही.
बी चिकट असतं तिचं,
माझ्याच पायजम्याला लागून वर आली असणार.
आई तिची भाजी करायची."

मी चिठ्ठी लिहायला घेतली.
सव्वा सेंटिमीटर कागद,
त्यात गाव, तारीख, झाड, आणि ज्याला सापडलं तो.
"भा. धोत्रे," मी म्हटलं.
"आडनाव नको," ते म्हणाले,
"नुसतं भागूजी मावतंय का बघा."

मावलं.
जातीपुढची जागा मी कोरी ठेवली.
वर गच्चीवर डांबर तापवायला घेतलं होतं,
त्याचा वास जिन्यात आला,
आणि भागूजी दोन-दोन पायऱ्या चढत
भेगेकडे धावले.