मागच्या गेटनं

दारूचा पत्ता मी कधी कोणाला विचारला नाही.
गोळीबार चौकातून डावीकडे, पिठाच्या गिरणीमागे,
ड्राय डेला बंद शटरवर दोन टकटक, थांबून एक.
मोहाची हवी तर कामठी रोडच्या पुढे, नाल्याच्या काठी.
डोळे बांधून सोडलं असतं तरी पोचलो असतो.

ही शाळा मात्र सापडेना.

मेयोच्या वॉर्डातल्या ब्रदरनं लिहून दिलं होतं,
गोळ्यांच्या पाकिटामागे : सदर, मंगळवार-शनिवार, साडेसात.
तीनदा ती गल्ली सायकलनं फिरलो.
नवतपा चालू. दिवस मावळला तरी डांबर चपलेला चिकटायचं.
गेटपाशी कोणी दिसलं की मी कूलरवाला व्हायचो.
पिशवी होतीच खांद्याला : मोटर, पाना, पकड, वाळ्याच्या ताट्या.
उन्हाळ्यात नागपुरात कूलरवाला कुठंही उभा राहू शकतो.

चौथ्यांदा पानठेल्यावर विचारलं, इकडे शाळा कोणती हो?
खर्रा घोटता घोटता, मान वर न करता तो म्हणाला,
"मिटिंगले आला का भाऊ? मागच्या गेटनं जा.
समोरचं बंद रायते."
इतकी वर्षं जे लपवत होतो
ते त्याच्या गल्ल्याशेजारी सुट्या पैशांसारखं पडलेलं.

दुसरीचा वर्ग. बाकं एवढीशी की गुडघे हनुवटीला.
फळ्यावर तीनचा पाढा, सातपर्यंत येऊन थांबलेला.
अकरा माणसं. त्यात एक बाई, इस्त्रीची साडी,
शाळेतल्याच असतील वाटलं. मग त्या बोलल्या.
बाटली तांदळाच्या डब्यात कशी पुरायच्या ते सांगितलं,
वर मापटं, म्हणजे कोणी हात घातला तर तांदूळच लागावेत.
कोणी च् च् केलं नाही.
इकरामभाईंनी पाण्याचा ग्लास सरकवला, बस.

माझी पाळी. "मी गुणवंत," म्हणालो आणि तिथंच अडकलो.
आईनं ठेवलेलं नाव. तिला काय माहीत.
मागून कोणीतरी हसलं, मग शालिकदादा, मग त्या बाई,
मग मीसुद्धा. हे हसू उद्या आठवणार होतं.
पुढचे तीन शब्द इथं लिहीत नाही.
ज्यानं म्हटलेत त्याला ठाऊक आहे.

कोपऱ्यातला कूलर नुसती झळ फेकत होता.
हात थरथरत होते, त्यांना काम हवं होतं. ताटी काढली.
पंप जळालेला. टाकीच्या हिरव्या पाण्यात
कोणा पोराची कागदाची होडी.
"शनिवारी पंप आणतो," मी म्हणालो.
म्हणजे शनिवारी यावं लागलं.
शनिवारी वायर आखूड निघाली. म्हणजे मंगळवार.
मंगळवारी ताट्या बदलल्या. वर्गभर भिजल्या वाळ्याचा वास,
शालिकदादा म्हणाले, "आता मस्त झालं बे."
आता माझ्याकडे कारण उरलं नव्हतं.

त्या शनिवारी मी गिरणीमागच्या गल्लीच्या तोंडाशी.
किती वेळ, ते विचारू नका.
शटर अर्धं वर. आत तोच पिवळा बल्ब.
फोन लावला. "कुठी आहे?" सांगितलं.
"तिथंच थांब," शालिकदादा म्हणाले. "नाई, तिथं नको थांबू.
चालत राय. बोलत राय माह्यासंगं."
मग सदरपर्यंत मी त्यांना कूलर कसा दुरुस्त करतात ते सांगत गेलो,
कंडेन्सरपासून सगळं.
त्यांना कळत नव्हतं काही. हाव, हाव, म्हणत होते.

आता डिसेंबर. कूलर गच्च्यांवर झाकलेले, धंदा बसलेला.
वर्गात स्वेटर घातलेली अकरा माणसं. दहा, खरं तर.
इकरामभाईंचं बाक आम्ही सरकवत नाही.

दिवस मी मोजत नाही, वनमाला मोजते,
कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी पेन्सिलीची रेघ.
आणि रोज, मी दारात चप्पल काढताना
काहीतरी निमित्त काढून जवळ येते, श्वास घेते.
मीही थांबतो. हक्क आहे तिचा.

काल घेतला. क्षणभर थांबली.
"कांदा खाल्ला वाटते," म्हणाली
आणि आत गेली.