आठ आखाज्या

साक्रीच्या रेकॉर्ड रूममध्ये शोधायची रीत एकच:
आधी साल सांगा, मग गाव, मग बाकीचं.
बायजाबाईंनी गावापासून सुरुवात केली. वडझिरे.
साल नाही.
"आखाजीनं दुसरं दिन, भाऊ.
जवय झोकानी फांदी मोडनी
नि हिरकन फुई पडनी."

मी म्हणालो, फांदीचा रकाना नसतो इथे.
त्या हसल्या नाहीत.
पेन्शनचा अर्ज पिशवीत, पिशवी मांडीवर.

थोरल्या लेकाचं वय, लग्नात परकर होता की लुगडं,
असं मागे मागे जात
चौपन्न ते एकसष्ट एवढं रान हाती आलं.
कपाटामागची जुनी पंचांगं काढली,
वाळवीनं कडेकडेनं वाचलेली.
वैशाख शुद्ध तृतीया, आठ वेळा.
पाठकोऱ्या कागदावर आठ तारखा.

जन्माच्या वहीत धुडकू सोनजीला चार मुली.
नावाचा रकाना चौघींचा कोरा.
स्त्री. स्त्री. जरा खाली स्त्री. पुढच्या वहीत स्त्री.
दोघी वैशाखातल्या, पण कोतवाल पंधरवड्याचे जन्म
एकाच बैठकीत लिहायचा, तारखा अंदाजाच्या.
"मन्ह्या बहिनी," त्या म्हणाल्या, "यक लहानपनीच गयी."
कोणती, ते वही सांगत नाही.

दुपारी कळण्याची भाकरी मोडताना सुचलं,
मी चुकीची वही धरून बसलोय.
हात पुसून मृत्यूची काढली.
सत्तावन. वडझिरे.
हिरकन सोनजी, वय चौदा.
कारण: झोक्याची फांदी मोडून.
म्हणजे कोतवालानं फांदीला जागा शोधली होती.

आठांतली चौथी तारीख. दोघींतली पहिली स्त्री.
सापडलं म्हटलं, इथे अंगठा, तिकडे फी.
त्यांचं लक्ष अजून त्याच पानावर.
"फुईनं नाव कठे शे?"
दाखवलं. वाचता येत नाही त्यांना,
तरी बोट हि वरून, र वरून सावकाश गेलं,
शाई उठेल की काय असं.

"तिनी बी नक्कल दे."
नक्कल कशासाठी हवी, हे अर्जात लिहावं लागतं.
त्या ओळीवर मी पेन टेकवून बसलो,
एक ठिपका मोठा होत गेला.
"लिख ना," त्या म्हणाल्या,
"घरमा ठेवाले."