क्राय, क्राइड, क्राइड

मंगळवार पेठेत, स्कूटर-दुरुस्तीच्या दुकानावर,
आठ नर्सना मी इंग्रजी शिकवतो. सात ते साडेआठ.
खाली कुणी ॲक्सिलेटर पिळला
की वर चालू वर्तमानकाळ थांबतो.
आज बुधवार, जुन्या बाजाराच्या गर्दीतून
जिना गाठेपर्यंत सगळ्यांनाच उशीर.

धडा रडण्याचा.
परदेशातल्या वॉर्डात म्हणे लिहून ठेवावं लागतं
रुग्ण किती वाजता रडला, आणि कसा.
मी फळ्यावर मांडून दिलं :
वीप म्हणजे जरा पुस्तकी, आवाज कमी.
सॉब म्हणजे हुंदके, श्वासासकट.
वेल म्हणजे हंबरडा, चौथ्या कॉटपर्यंत जाणारा.
व्हिंपर म्हणजे
मी तोंडाने करून दाखवलं, मांजराच्या पिलासारखं.
"आणि मुळुमुळू?" मागून कुणीतरी.
मुळुमुळूला काही सापडेना.
धाय मोकलून रडतात त्यातली धाय कोण,
हे कुणी विचारलं नाही, बरंच झालं.

बर्स्ट इन्टू टिअर्स. पण बर्स्ट आउट क्राइंग.
एकात आत, एकात बाहेर, असं का?
पाठ करा, म्हटलं.
मीही एक्याऐंशी साली भोरच्या शाळेत
पाठच केलंय.

मग भूतकाळ. शेवटचा वाय जातो
आणि त्याच्या जागी आय येते,
"येतो," मी स्वतःला सुधारलं,
पण तोवर पहिल्या बाकावरची म्हणाली,
"रडल्यावर आय येणारच की, सर."
वर्ग खिदळला.
एस्तेर रणपिसे तेवढी वहीत बघत राहिली.

"सर, मला रडू आलं, हे कसं म्हणायचं?"
आय क्राइड.
"ते मी रडले झालं.
मी नव्हते रडत. मी सलाइन बदलत होते.
बाटली उलटी धरलेली, दोन्ही हात वर,
आणि रडू आलं."

मी पुस्तक मागेपुढे चाळलं.
त्या भाषेत रडू आपणहून येत नाही.
कोसळत नाही, फुटत नाही, आवरत नाही असंही नाही.
तिथे माणसालाच रडावं लागतं,
कर्ता होऊन, वाक्याच्या तोंडाशी उभं राहून,
मोठ्या लिपीतल्या आयसकट.

एक मात्र आहे.
क्राइडला लिंग नाही.
आया क्राइड, सर्जन क्राइड, सारखंच.
आमच्या दादांना ही सोय असती तर.
ते आयुष्यभर
"डोळ्यात कायतरी गेलं"
एवढ्या एका वाक्यावर भागवत आले.

साडेआठला वह्या तपासल्या.
एस्तेरने एकच वाक्य केलं होतं : वुई क्राइड.
स्पेलिंग बरोबर. वाय गेलेला.
पेन टेकवलं आणि अडलो.
"आम्ही रडलो, का आपण?"
"म्हणजे?"
"आम्ही म्हणजे तू आणि त्या पेशंटची माणसं.
आपण म्हटलं तर
ऐकणाराही त्यात आला."

ती डब्याची पिशवी खांद्याला लावत होती.
रात्रपाळी होती तिला, नऊपासून.
"परीक्षेत मार्क जातात का त्याचे?"
नाही, म्हटलं.
"मग राहू द्या की, सर."