दर आभाळामागे

चार आण्याची कोंबडी, असं मी तेव्हाच म्हणाले होते.
बारा आण्यांचा मसाला मागाहून आला,
स्किप्टनच्या गॅरेजमधून, पाकिटात घालून, व्हॅटसकट.

गाडी तेरा वर्षांची, आठ सिलिंडरची,
रंग पिकल्या जांभळाच्या सालीचा,
छप्पर एकोणीस सेकंदांत मागे दुमडणारं.
चष्म्यांचं दुकान विकलं त्याच आठवड्यात
पद्माकरने ती दारात आणून उभी केली.
पहिल्या पंपावर आकडे असे पळाले
की मागे व्हॅन घेऊन थांबलेला पोरगा खाली उतरला,
आणि जवळच्या माणसाला भेटायला यावं तसा
गाडीच्या पाठीवर हात ठेवून गेला.

या देशाचं मला एक कळलं नाही.
पेट्रोल विकायचं लिटरने, पुरवायचं गॅलनने.
मी बत्तीस वर्षं कौन्सिलच्या पगारपत्रकांवर बसले,
चार पूर्णांक पाचशे सेहेचाळीसने भागते मी
डाळीला फोडणी देता देता.
माहितीपत्रक म्हणतं सत्तावीस.
वही म्हणते एकोणीस.
ग्रासिंग्टनच्या चढावर चौदा,
उतारावर तो ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून धरायचा
आणि शेजारी बसून मीही उचलायचे, उगाचच.

वही त्याची. अक्षर डोळे तपासणाऱ्याचं:
वर मोठं, खाली खाली बारीक होत गेलेलं.
मागच्या नोव्हेंबरात ते ओळ सोडून चालायला लागलं.
त्याच्याच जुन्या यंत्रावर, त्याच्याच हाताखाली शिकलेल्या रुखसानाने
त्याला हनुवटी टेकवायला सांगितली.
मधलं गेलंय. कडा आहेत.
लायसन्स त्याने स्वतःच पोस्टात टाकलं,
फर्स्ट क्लासचं तिकीट लावून.

आता मी चालवते, उशी घेऊन,
आणि वहीही माझ्याकडे आली आहे.
पेट्रोल आठशे चौदा. विमा सहाशे चाळीस.
रोड टॅक्स सातशे पस्तीस, सर्व्हिसिंग नऊशे दहा.
मागची दोन टायरं, चारशे शहाऐंशी.
आणि छपराचा पंप, मेला, अकराशे ऐंशी,
तोही भर पावसात उघडा अडकून, मेंढ्यांच्या देखत.
बेरीज चार हजार सातशे पासष्ट.
वर्षभरात छप्पर उघडलं अकरा वेळा.
म्हणजे दर आभाळामागे
चारशे तेहतीस पौंड, अठरा पेन्स.

मी विकायची जाहिरात दिली. त्याला सांगून दिली.
तो म्हणाला, "बरं," आणि चहात बिस्किट बुडवताना
कपाची कड चुकला.

इल्कलीहून एका फेअरब्रदरचा फोन आला.
गोड आवाज. गॅलनला किती मैल, विचारलं त्याने.
अ‍ॅव्हरेज किती देते!
इंदापूरचे माझे काका लूनाबद्दलही हेच विचारत.
मी म्हणाले, एकोणीस.
तो गप्प झाला.
मी खाली आणू शकले असते आवाज,
म्हणू शकले असते, जरा सांभाळून चालवली तर बावीस.
उलट म्हणाले, "चढावर चौदा."
का म्हणाले, कोण जाणे.

एप्रिल. नऊ अंश.
मी त्याच्या मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली,
कानटोपी घातली, बटण दाबलं.
बोल्टनच्या रानात शिरलो तसा तो म्हणाला,
"रानलसूण आली." मग थोड्या वेळाने, "शेण."
मग बराच वेळ काही नाही.
मग मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून,
"सरोज, कडेकडेने खूप आहे गं."

घरी येऊन मी वहीत बारावी रेघ ओढली.
तीनशे सत्त्याण्णव पौंड, आठ पेन्स.
छत्तीस पौंडांनी आभाळ उतरलं.

आजचं पेट्रोल मी यात धरलेलं नाही.
बत्तीस वर्षांत असली चूक
जाणूनबुजून कधी केली नव्हती.